अधिकाच्या जेवणाला दोन पिशव्या

अधिक महिन्यात सासूबाईंनी जेवायला बोलावलं आणि मी त्यांच्या घरी दोन पिशव्या भरून कचरा घेऊन गेलो.

यात काही वाढवून सांगत नाही. दुधाच्या रिकाम्या पिशव्या, तेलाच्या, डाळ-पोह्यांच्या, बिस्किटांचे कागद. सगळं धुतलेलं होतं, पण धुतला तरी कचरा तो कचराच. अधिकात जावई येणार म्हटल्यावर लालबागच्या त्या चाळीत गॅलरीतल्या बायका दाराशी येऊन उभ्या राहतात. जावयाच्या हातात पेढ्यांचा बॉक्स असतो, सासूसाठी साडी असते, निदान केळी तरी असतात. माझे दोन्ही हात भरलेले होते आणि केळ्यांचं नाव नव्हतं.

हे कसं घडलं ते सांगायचं तर बायकोपासून सुरुवात करावी लागते. ते मी बरेच दिवस टाळत आलोय.

आमच्या गिरगावच्या इमारतीत घरटी दोन डबे आहेत, ओल्याचा हिरवा आणि सुक्याचा निळा. खाली जिन्याजवळ पिंप मात्र एकच. चार मजल्यांवरून हिरवे-निळे डबे निष्ठेने खाली येतात आणि त्या एका पिंपात गळ्यात गळे घालतात. सोसायटीच्या सभेत यावर दर वर्षी चर्चा होते, चहा होतो, आणि पिंप तिथेच राहतं. बायकोने लग्नानंतर काही वर्षं हे पाहिलं आणि मग सभेला जाणं सोडलं. तिने आपली स्वतःची पद्धत सुरू केली.

दुधाच्या पिशवीचा कोपरा ती पूर्ण कापायची नाही. लोंबता ठेवायची. तो एवढासा तुकडा सुटला की सरळ गटारात जातो, म्हणायची. पिशवी धुवून ओट्यामागच्या टाइल्सवर चापून चिकटवायची, वाळली की आपोआप गळून पडायची. आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना स्वयंपाकघराच्या भिंतीवर कायम दोन-तीन पिशव्या चिकटलेल्या दिसायच्या आणि ते नजर दुसरीकडे वळवायचे. शनिवारी ती जमलेलं सगळं दोन खाकी पिशव्यांत भरायची. त्या पिशव्या तिनेच शिवलेल्या, वडिलांच्या गिरणीतल्या जाड ड्रिलच्या कापडाच्या. आणि निघायची लालबागला, माहेरी.

"माहेरी लोक लाडू नेतात," मी पेपरातून डोकं वर काढून म्हणायचो.

"लाडू तुम्ही संपवता. उरतं ते नेते."

वाटेत कुठेतरी ती ते देऊन टाकत असणार, एवढं मी गृहीत धरलं होतं. कुठे, कोणाला, हे कधी विचारलं नाही. नवऱ्याने विचारावं असं त्यात काही आहे, हेच मला सुचलं नाही.

दिवाळीच्या आधी ती गेली. आजारपण फार लांबलं नाही. तेवढंच म्हणायचं.

तेरावं झालं, मुलगी बंगळूरला परत गेली, आणि दुसऱ्या सकाळी मी पहिल्यांदा स्वतःसाठी चहा केला. पिशवीचा कोपरा कापला. पूर्ण कापला. तुकडा कुठे उडाला कोण जाणे. दूध पातेल्यात ओतलं, आणि रिकामी पिशवी हातात घेऊन मी उभा राहिलो. निळा डबा तिथेच पायाशी होता. टाकवली नाही. नळाखाली धरली, जराशी हलवली, आणि टाइल्सवर चिकटवली. दुपारी ती गळून ओट्यावर पडली तेव्हा मला केवढं बरं वाटलं. त्या घरात त्या दिवशी माझ्या हातून नीट झालेली ती एकच गोष्ट होती, असं मी समजत होतो.

मग रोजच. खाकी पिशव्या भरल्या. मग बादली भरली. मग तिच्या शिवणाच्या मशीनखालची जागा. मुलीचा व्हिडिओ कॉल आला की मी भिंतीला पाठ लावून बसायचो, तरी एकदा दिसलंच तिला.

"बाबा, मागे काय आहे ते?"

"पिशव्या."

"कसल्या?"

"दुधाच्या."

"बाबा, टाकून द्या ना त्या."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? कचऱ्यात."

"कचऱ्यातच टाकायच्या असत्या तर तुझी आई धूत कशाला बसली असती?"

तिकडचा कॅमेरा बंद झाला. नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला. नंतर म्हणाली, "मग लालबागला फोन करून विचारा. आजीला माहीत असेल."

सगळा घोळ तिथेच होता. लालबागला फोन करणं.

माझ्या सासूबाईंशी मी आयुष्यात एक वाक्य थेट बोललेलो नव्हतो. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. त्यांच्याकडची रीतच तशी. मी समोर जेवत असलो तरी त्या डोक्यावरचा पदर पुढे ओढून लेकीला मालवणीत म्हणायच्या, "त्यांका इचार, भात होयो?" लेक माझ्याकडे वळून म्हणायची, "भात हवाय का?" मी म्हणायचो, "थोडा." ती म्हणायची, "थोडो." दोन हातांवर बसलेल्या आम्हा दोघांचं सगळं बोलणं असं दुभाष्यामार्फत चालायचं. संसार झाला, मुलगी मोठी झाली, मी रिटायर झालो, तरी रीत मोडली नाही. मला ती गमतीची वाटायची. घरी येऊन मी नक्कल करायचो.

आता मधलं माणूसच गेलं. मर्तिकाच्या दिवशी त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. दोघांनाही काहीतरी बोलायचं होतं आणि ते इकडून तिकडे नेणारी समोर चादरीखाली होती. त्यांनी पदर ओढून घेतला. त्यानंतर मी लालबागला गेलो नाही. मेहुण्याचे फोन यायचे, मी "येतो, येतो" म्हणायचो. जावई हा मुलीमुळे जावई. मुलगी राहिली नाही की मग तो त्या घराचा कोण? पंचांगात याचं उत्तर नाही. मी पाहिलं.

तेव्हा, लालबागला न विचारता, ती हे सगळं जिथे द्यायची ती जागा आपणच शोधून काढायची असं मी ठरवलं. आपली बायको दर शनिवारी कुठे जायची हे दुसऱ्यांना विचारत फिरणं मला जड जात होतं, हेही खरं.

आधी आमच्या गल्लीतला रद्दीवाला. मी वर्षानुवर्षं त्याला पेपर दिलेत. त्याने खाकी पिशवीत डोकावून पाहिलं आणि पिशवीचं तोंड मिटून ती मला परत दिली. "काका, पुठ्ठा आणा, बाटली आणा. दूध की थैली कोण घेत नाय आता."

"माझी मिसेस तुमच्याकडे द्यायची का?"

"भाभी? भाभी पेपर द्यायच्या. भाव करायच्या." मग म्हणाला, "चांगल्या होत्या."

मग कोणीतरी सांगितलं, लोअर परळच्या मॉलमध्ये मशीन आहे. माझे सासरे त्याच बाजूच्या गिरणीत होते, त्यामुळे तिला ती वाट पायाखालची. तिथेच देत असणार. काचेच्या दारातून आत शिरताना गार्डने माझ्या पिशव्यांवर ते बीप करणारं यंत्र फिरवलं. मशीन सापडलं. त्याला एक गोल भोक होतं आणि त्यात फक्त पाण्याची बाटली जात होती. मी पिशव्यांची गुंडाळी करून भोकात सारायला लागलो, तर मशीन लाल झालं आणि बाईच्या आवाजात इंग्रजीत काहीतरी सांगायला लागलं. मागे दोन मुली हातात बाटल्या घेऊन उभ्या. नुसतंच मागे फिरायची लाज वाटली, म्हणून मी शेजारच्या दुकानातून पाण्याची बाटली घेतली, उभ्याउभ्या सगळी प्यायलो आणि ती आत टाकली. मशीन हिरवं झालं. पॉपकॉर्नवर सवलतीचं कूपन मिळालं. घरातला कचरा होता तेवढाच परत घेऊन आलो आणि वर एक कूपन.

दादरचा प्रकार त्याच्याही वर. सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला होता की अमुक मंगल कार्यालयात रविवारी सकाळी घरातलं सगळं प्लास्टिक गोळा करणार आहेत. वाचून मला वाटलं, सापडलं. बसने पुढे दादरला जायचं आणि परत येताना लालबागला उतरायचं, हे तिच्या हिशेबात बसणारं होतं. मी इस्त्रीचा शर्ट घातला. दोन्ही खाकी पिशव्यांची तोंडं सुतळीने बांधली. दारात पोचलो तर सनई चालू. एका मुलीने माझ्यावर गुलाबपाणी शिंपडलं, दुसरीने पेढा हातावर ठेवला, आणि रेशमी झब्बा घातलेले एक गृहस्थ दोन्ही हात पसरून पुढे आले.

"अहो, हे कशाला? पत्रिकेत स्पष्ट छापलं होतं, कृपया आहेर आणू नये."

"हा आहेर नाही," मी म्हणालो.

"सगळे असंच म्हणतात." आणि त्यांनी पिशव्या माझ्या हातातून घेतल्यासुद्धा.

मुंज होती. प्लास्टिकवाले आदल्या रविवारी येऊन गेले होते. निरोपावरची तारीख मी पाहिलीच नव्हती. मी त्या गृहस्थांच्या मागून निघालो, पण ते बटूच्या मामांना भेटत, कोणाला वाकून नमस्कार करायला लावत पुढे गेले, आणि मला एका खुर्चीत बसवलं गेलं. शेजारी एक आजीबाई होत्या. त्यांनी मला कोण समजलं माहीत नाही. बटूच्या बाजूचा कोणीतरी लांबचा काका असणार मी. मायेने म्हणाल्या, "एकटेच आलात? त्या नाही आल्या?"

"नाही," मी म्हणालो. "लालबागला गेल्यात. आईकडे."

तोंडातून निघून गेलं. आणि गंमत अशी की म्हणताना मला खोटं बोलल्यासारखं वाटलंच नाही. शनिवारी नाही तर रविवारी, जाते ती. संध्याकाळी येईल. मी उठलो आणि पिशव्या शोधायला निघालो.

आहेराच्या खोलीत पिशव्या सापडल्या. चकचकीत कागदांच्या ढिगात त्या दोन खाकी, सुतळीने बांधलेल्या. उचलून मी मागच्या दाराने निघालो. जिन्यात आचाऱ्याच्या माणसाने हटकलं. एवढ्या लगबगीने आहेर बाहेर नेणारा माणूस त्यानेही पाहिला नसावा. मी पिशवीचं तोंड सोडून दाखवलं. त्याने आत पाहिलं, मला पाहिलं, आणि वाट दिली.

त्यानंतर मी शोध सोडला. धुणं सोडलं नाही. उन्हाळा वाढला तसा घरात एक आंबूस वास राहायला लागला. मी उदबत्ती लावायचो.

मग अधिक ज्येष्ठ लागला आणि मेहुण्याचा फोन आला. "भावोजी, रविवारी जेवायला या. आई म्हणते."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, भावोजींना जेवायला बोलाव."

"आणखी काही?"

"आणखी काही नाही."

अधिकात जावयाला बोलावतात ते वाण द्यायला. अनारसे, दिवा. पण ते जोडप्याला देतात. एकट्या जावयाला वाण देतात का? की हे नुसतं जेवण होतं, एकदाचं, शेवटचं, की झालं, आता तुम्ही तुमच्या घरी, आम्ही आमच्या? मेहुण्याला हे विचारण्याइतका निर्लज्ज मी अजून झालेलो नाही. आठवडाभर तेच डोक्यात. साडी न्यावी तर, वाण नसेल आणि मी साडी पुढे केली तर काय दिसेल? काहीच न नेता जावं तर, वाण असेल तर? या विचारात रविवार उजाडला आणि मी काहीच आणलेलं नव्हतं. निघताना मात्र हात सवयीने खाकी पिशव्यांकडे गेले. मनाशी म्हटलं, लालबागला चाललोच आहे, त्याच बसने, त्याच वाटेने, तर वाटेत कुठे तिची जागा दिसते का बघू. दिसली की देऊन टाकू आणि मोकळ्या हातांनी वर जाऊ.

खिडकीत बसून मी भायखळ्यापासून प्रत्येक दुकानाची पाटी वाचत गेलो. जागा दिसली नाही. लालबाग मात्र आलं.

चाळीचा जिना चढलो. गॅलरीतून एक बाई आत बघून ओरडली, "जावय इले गे." दार मेहुण्याने उघडलं. हसतमुखाने उघडलं, आणि त्याची नजर माझ्या हातांवर गेली तसं हसू गेलं.

आत दोन पाट मांडलेले होते. रांगोळी होती. निरांजनाची वात लावता लावता सासूबाईंनी वर पाहिलं. माझ्याकडे नाही, पिशव्यांकडे. ते कापड त्या ओळखत होत्या, नवऱ्याच्या गिरणीतलं होतं. त्यांनी काडी विझवली, उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या.

मेहुणा अगदी हळू म्हणाला, "भावोजी, हे आज कशाला आणलंत?"

"घरात मावेना," मी म्हणालो.

त्याने पिशव्यांवरच्या सुतळीकडे बोट केलं. "ताईचे कपडे आहेत का?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. या घराला वाटत होतं की मी त्यांच्या लेकीच्या वस्तू परत करायला आलोय. वाणाच्या दिवशी, पाट मांडलेला असताना, हिशेब मिटवून नातं संपवायला. आठवडाभर मी ज्या गोष्टीला घाबरत होतो, तीच मी दोन हातांत धरून त्यांच्या दारात आणली होती.

शहाण्या माणसाने तिथल्या तिथे पिशवी उघडून दाखवली असती. मी घाईने म्हणालो, "नाही नाही, कपडे नाहीत. कचरा आहे."

आतल्या खोलीत भांडं पडलं.

मेहुण्याने एक पिशवी माझ्या हातातून घेतली, सुतळी सोडली, आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मला दंडाला धरून गॅलरीच्या टोकाला नेलं. तिथे पिंपामागे एक पांढरी गोणी उभी होती. गोणीत दुधाच्या पिशव्या, चापून चपट्या केलेल्या, एकीवर एक. वरच्यांवर धूळ होती. खालची चळत मी बोटाने वर काढली. प्रत्येकीचा कोपरा लोंबता होता.

"ताई इथेच आणायची," तो म्हणाला. "तुम्हीपण धुवून ठेवता हे आम्हाला कुठे ठाऊक. चाळीतल्या सगळ्यांच्या आईकडेच जमतात. गोणी भरली की टेम्पोवाला येऊन घेऊन जातो, त्याची माणसं ते वितळवून प्लास्टिकचे दाणे करतात. ताई गेली तेव्हापासून आईने ही गोणी दिली नाही. अर्धी आहे म्हणते. अर्धी कुठे, भरत आली होती. चाळीतल्यांच्या दुसऱ्या गोणीत टाकते, ही तशीच."

मी तिची जागा गिरगावात शोधली, लोअर परळला शोधली, दादरला मुंजीत शोधली. ती पहिल्यापासून सांगत होती, लालबागला जाते, आईकडे. मला वाटायचं ते वेगळं आणि कचऱ्याचं वेगळं.

"आई," मेहुण्याने दारातून हाक मारली, "भावोजी गोणीत टाकायचं घेऊन आलेत. ताईच्या गोणीत."

सासूबाई बाहेर आल्या. डोळे पुसलेले होते. कोणाकडे न बघता निरांजन लावलं. मी पाटावर बसलो. शेजारचा पाट मोकळा होता. मेहुणा तो उचलायला वाकला तर त्या म्हणाल्या, "रवांदे." तो तसाच राहिला.

त्यांनी मला ओवाळलं. जाळीदार ताटलीने झाकलेले अनारसे, वर तुपाचा दिवा, माझ्या हातात दिले. धरताना ताट कललं आणि दिव्याचं तूप अनारशांवर आणि माझ्या शर्टाच्या बाहीवर सांडलं. मी वाकून नमस्कार केला. बोलायचं होतं, पण सवयीने मान उजवीकडे वळली, मोकळ्या पाटाकडे. त्यांनी ते पाहिलं.

जेवताना त्या मेहुण्यालाच सांगत होत्या, "भावोजींका इचार, सोलकढी होयी?" तो विचारत होता, मी सांगत होतो. रीत शाबूत होती. वास मात्र होता. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, सोलकढी, आणि या सगळ्यातून दाराकडून येणारा तो आंबूस वास. आम्ही तिघंही तो येत नसल्यासारखे जेवलो.

हात धुवून आलो तर सासूबाई दाराशी फतकल मारून बसल्या होत्या. एक खाकी पिशवी त्यांनी जमिनीवर पालथी केली होती. दुधाची एक पिशवी उचलली, तिचा पूर्ण कापलेला कोपरा चाचपला, आत दोन बोटं घालून ती उलटी केली आणि नाकाशी नेली. मग पदर सारखा न करता, मध्ये कोणाला न घेता, त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं.

"शनवारी येशात तेवा पिशये उलटे करून धुवन घेवन येवा. तिच्या पिशयांक कधी वास येवक नाय. तुमच्यांक मेल्या मांजराची घाण येता."